वरोऱ्याच्या जुन्या कॉलरीचे नकाशे जाहीर करा

मा. खनिकर्म मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आमच्या वरोऱ्यात कॉलरी वॉर्ड आहे. कॉलरी, म्हणजे कोळशाची खाण, मात्र 1906 सालीच बंद झाली. कोळसा म्हटलं की लोकांना बल्लारपूर, माजरी आठवतं आणि वरोरा म्हटलं की आनंदवन. त्याबद्दल तक्रार नाही. पण इथली खाण 1870च्या दशकातली, आणि खुद्द सरकारने चालवलेली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा ग्रंथ 1877चा. त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ आले. त्या रेल्वेचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. 1929 साली बल्लारशाह-काझीपेठ दुवा जुळला आणि कोळशासाठी टाकलेला हा फाटा दिल्ली-मद्रास मार्गाचा भाग झाला. आज धडाधड जाणाऱ्या गाड्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

खाणीच्या नावाने एखादा फलक लागला तर आनंदच आहे (उद्घाटनाला मंडप नको). पण माझी मागणी वेगळी आहे.

त्या काळी जमिनीखाली बोगदे काढत, छत पेलायला कोळशाचेच खांब सोडून खोदकाम होई. खाण सोडली की आत पाणी भरतं, खांब झिजतात. वर पुढे कोणी घर बांधतं, कोणी बोअर मारतं. खाली काय आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. शेजारी नवी खाण निघाली तर धोका आणखी वाढतो. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या खोदकामातलं पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. वरोऱ्यात तसं होईल असं मी म्हणत नाही. पण नकाशा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होणार नाही असं तरी कोण म्हणणार?

भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आपल्याच अखत्यारीत, नागपुरातच आहे. त्यांना एवढंच सांगा: खाण सुरक्षा महानिदेशालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग, रेल्वे आणि अभिलेखागार यांच्याकडे या कॉलरीचे जे नकाशे असतील ते मिळवा, आजच्या गट नंबरांवर बसवा आणि नगरपरिषदेत लावा. बांधकाम परवानगी देणाऱ्या टेबलावर त्याची एक प्रत हवी.

नकाशे सापडले नाहीत, तर तेही लेखी कळवा. मग निदान बोअर मारून जमीन तपासण्याची मागणी आम्हाला रीतसर करता येईल.

आपला,
वरोऱ्याचा एक रहिवासी