लहान मुलांच्या खोलीतला झिरोचा दिवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला रात्री पूर्ण अंधारात झोपवावे की खोलीत झिरोचा दिवा चालू ठेवावा, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर रोज रात्री नव्याने उभा राहत असे. नात आता अडीच वर्षांची आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीसाठी मुंबईला जातात, परतायला त्यांना साडेआठ-नऊ होतात आणि ती बहुतेक रात्री माझ्याजवळच झोपते. त्यामुळे शेजारपाजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे परस्परविरोधी सल्ले माझ्याच वाट्याला आले. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. म्हणून त्या सल्ल्यांत खरे किती, हे माझ्या परीने वाचून पाहिले. दिवा असावा की नसावा यावर घरोघरी वाद होतात. पण त्या दिव्याचा रंग, त्याची जागा आणि झोपण्यापूर्वीच्या तासाभरातला घरातला उजेड यांकडे कोणी पाहत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी एका भीतीबद्दल लिहिते. दिव्यात झोपवलेल्या मुलांना लवकर चष्मा लागतो, असे मला किमान चार जणांनी सांगितले. या समजुतीला एक इतिहास आहे. १९९९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७९ मुलांच्या पालकांकडून माहिती घेऊन ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांना, मंद दिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना आणि खोलीचा मुख्य दिवा चालू असताना झोपलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना लघुदृष्टी (दूरचे नीट न दिसणे) असल्याचे त्यात म्हटले होते. कोणतीही आई घाबरावी असेच हे आकडे आहेत. परंतु पुढच्याच वर्षी, २००० साली, त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी स्वतःच्या पाहणीत असा संबंध आढळला नसल्याचे कळवले. ज्या आईवडिलांना स्वतःला जाड चष्मा असतो ते मुलांच्या खोलीत दिवा अधिक लावतात, आणि लघुदृष्टीची प्रवृत्ती मुलांकडे येते ती अशा आईवडिलांकडून, हेही त्यांनी दाखवून दिले. पहिली बातमी घरोघरी पोहोचली आणि तिची दुरुस्ती पंचवीस वर्षांनंतरही पोहोचलेली नाही, याचे मला वाईट वाटते. चष्म्याची खरी काळजी असेल तर मुलांना दिवसा उन्हापावसाच्या उजेडात भरपूर खेळू द्यावे. त्याचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे.

झोपेचा मुद्दा मात्र खरा आहे. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. उजेड, त्यातही निळसर पांढरा उजेड, डोळ्यांत गेला की हे स्रवणे मंदावते. लहान मुलांच्या डोळ्यांतील बाहुली मोठी आणि भिंग अगदी नितळ असल्यामुळे त्यांच्यापर्यंत हा उजेड मोठ्या माणसांपेक्षा जास्त पोहोचतो. कोलोरॅडो विद्यापीठातील २०२२ च्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्यापूर्वी तासभर निरनिराळ्या तीव्रतेच्या उजेडात बसवले, तेव्हा ५ ते ४० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद उजेडातही मेलाटोनिनचे प्रमाण सरासरी ७८ टक्क्यांनी घटले. अर्थात ही मुले डोळे उघडे ठेवून उजेडासमोर खेळत होती. मिटलेल्या डोळ्यांमागे, पलंगाखाली जळणाऱ्या छोट्या दिव्याला तोच आकडा लावणे चुकीचे होईल. पण रात्री दहा वाजेपर्यंत डोक्यावर पांढरी ट्यूब, समोर टीव्ही आणि हातात मोबाइल, आणि मग “झोप आता” म्हणून एकदम दिवा बंद, असा आपल्याकडचा जो रिवाज आहे, त्याला हा अभ्यास नेमका लागू पडतो.

आमच्या खोलीत दारावर निळा झिरोचा दिवा होता आणि त्याचा उजेड थेट नातीच्या चेहऱ्यावर पडत असे. डोळ्यांना तो शांत वाटतो, म्हणून वर्षानुवर्षे आपण तो विकत घेतो. पण झोपेच्या दृष्टीने निळा रंगच सर्वांत गैरसोयीचा. आम्ही तो काढला आणि तांबूस पिवळ्या उजेडाचा अगदी छोटा दिवा कपाटाच्या मागे, जमिनीलगत लावला. त्या उजेडात दार आणि पाण्याचे भांडे दिसते, चेहरा नीट दिसत नाही, आणि तेवढा उजेड पुरतो. त्याचबरोबर रात्री आठनंतर ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावू लागलो आणि टीव्ही जेवणाआधीच थांबवला. पूर्वी अकरापर्यंत जागणारी नात आता नऊ-सव्वानऊला झोपते. एवढे बदल एकदम केल्यामुळे श्रेय एकट्या दिव्याला देता येणार नाही, आणि एका मुलीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणते.

नात वर्षाची असेपर्यंत अंधाराला मुळीच घाबरत नव्हती. तान्ह्या बाळाला दिवा लागतो तो आपल्या सोयीसाठी, रात्री दूध पाजायला आणि लंगोट बदलायला. दोन-अडीच वर्षांनंतर मुलांची कल्पनाशक्ती जागी होते आणि खुंटीवरचा सदरा त्यांना माणूस वाटू लागतो. ती भीती खरी असते. अशा वेळी “घाबरट कुठली” म्हणून दिवा विझवणे, किंवा दिवसा बागुलबुवाची धमकी देऊन रात्री अंधारात शांत झोपण्याची अपेक्षा करणे, मला क्रूरपणाचे वाटते. ज्या मुलाला दिवा हवा आहे त्याला तो द्यावा. ज्याला अंधारात गाढ झोप लागते त्याच्यासाठी उगाच लावू नये.

सुरक्षिततेबद्दल एक कळकळीची सूचना. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारे खेळण्यातले दिवे बाजारात आले आहेत. असा सेल मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. ज्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही असा दिवा लहान मूल असलेल्या घरात आणूच नये.

माझी विनंती दिवे बनवणाऱ्यांना आहे. मी आमच्या भागातील दोन दुकानांत रात्रीच्या दिव्यांची सहा पाकिटे पाहिली. सर्वांवर वॅट आणि किंमत होती, पण उजेड किती पडेल आणि तो निळसर आहे की तांबूस, हे एकावरही समजेल असे लिहिलेले नव्हते. ही माहिती पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरांत छापावी, आणि आपल्या दैनिकाने आरोग्यविषयक पानावर बालरोगतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लेख लिहवून घ्यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक आजी, डोंबिवली