फवारणीच्या औषधांच्या पेटीची किल्ली सांभाळणाऱ्या, गावच्या आशा स्वयंसेविका ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव, तुमचं गाव, मुलाचं नाव, यातलं काहीच इथे येणार नाही. सांगोला तालुका एवढं पुरे. डिप्रेशनमधून सावरायला तुम्ही ज्याला मदत केलीत, त्या दहावीतल्या मुलाने आणि त्याच्या आईने हे पत्र आधी वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली आणि मगच होकार दिला. तो परत ग्राउंडवर जायला लागलाय हे तुमच्याकडून कळल्यापासून तुम्हाला जाहीर धन्यवाद दिल्याशिवाय राहवत नाहीये.

तुमच्याआधी या पोराला बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. रोज सकाळी पोट दुखतं म्हणून सलाईन लावलं, ताकदीची इंजेक्शनं दिली. झोप कशी आहे हे कुणी विचारलं नाही. पहाटे तीनला उठून बसतो हे आईला माहीत होतं, पण तिला बोलू कुणी दिलं? शाळेतून 'आळशी झालाय, मोबाईल काढून घ्या' एवढाच निरोप आला. देवऋषाने नारळ, लिंबू आणि दोन अमावास्या मागितल्या. या वयातलं डिप्रेशन रडक्या चेहऱ्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. पोटदुखी, डोकेदुखी होऊन येतं, आवडता खेळ सुटतो, मार्क घसरतात. असं सलग दोन आठवडे चाललं तर वाट बघत बसायचं नसतं. इथे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांचा आम्हाला राग आहे आणि आभाराच्या पत्रातही तो झाकावासा वाटत नाही.

त्याने आपली बॅट चुलतभावाला देऊन टाकली, हे ऐकून तुम्ही त्यांच्या घरी गेलात. जिवापाड जपलेली वस्तू मूल कारण नसताना देऊन टाकतं, ही धोक्याची खूण आहे. ती वाचता येणारी माणसं थोडी आहेत.

तुम्ही त्याला आईवडिलांसमोर काही विचारलं नाहीत. 'काही टेन्शन नाही ना?' असंही विचारलं नाहीत. त्या 'नाही ना'तच उत्तर घालून दिलेलं असतं, मूल 'नाही' म्हणतं आणि विषय संपतो. शेळ्यांना पाला टाकता टाकता तुम्ही सरळ विचारलंत, 'जगणं नको झालंय का रे? मरून जावं असं मनात येतं का?' आणि गप्प राहिलात. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट, विचारल्याने मुलाचं ओझं हलकं होतं. तो 'हो' म्हणाला तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, शपथा घातल्या नाहीत. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही दिलं नाहीत, कारण ते पाळता येणारं नव्हतं. 'आईला सांगावं लागेल, कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू,' म्हणालात.

पण ताई, हे पत्र खरं तर त्या किल्लीसाठी आहे.

डाळिंबाची फवारणीची औषधं तो झोपतो त्याच खोलीत, कॉटखाली होती. सांगोल्याकडे हे घरोघरी दिसतं. पावसाळ्यातल्या मृग बहारात तेल्या रोगाच्या धाकाने दर आठ-दहा दिवसांनी फवारणी, मग बाटल्या हाताशी बऱ्या म्हणून घरातच. तुम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या वडिलांना म्हणालात, 'अप्पा, हे सगळं मळ्यातल्या पेटीत टाकू. कुलूप तुमचं, किल्ली माझ्याकडे.' फवारणीच्या दिवशी अप्पा तुमच्या दारात यायचे, २०० लिटरच्या टाकीला लागेल तेवढंच मोजून काढायचे आणि पेटी बंद करून दिवस मावळायच्या आत किल्ली परत आणून द्यायचे. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत ओतून ठेवलेलं उरलंसुरलं औषध तुम्ही शोधून काढायला लावलंत. रिकामे डबे तीनदा विसळून, भोकं पाडून बाद केलेत. कृषी सेवा केंद्रात जाऊन सांगितलंत, 'उधारीच्या वहीवर पोरांच्या हातात औषध देत जाऊ नका, कुणाच्याच.' त्या 'कुणाच्याच'मध्ये केवढी माया आहे! गल्लीतल्या आणखी चार घरांना तुम्ही पेट्या करायला लावल्यात, म्हणजे याच घराकडे बोट दाखवलं जाऊ नये.

हे काम किती मोठं आहे ते लोकांना कळावं म्हणून सांगतो. जीव द्यायच्या विचाराची लाट बहुतेकदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळेत हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांनी उतरलं. एका देशाने कायद्याने केलं ते तुम्ही एका गल्लीत एका कुलपाने केलंत.

पुढचं सगळं तसं रीतीप्रमाणे झालं. ग्रामीण रुग्णालयातलं किशोरवयीन मुलांसाठीचं मैत्री क्लिनिक, मग सोलापूरला सिव्हिलची मानसोपचार ओपीडी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडच्या तपासण्या, समुपदेशन, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली १० मिलिग्रॅमची फ्लुओक्सेटीन ही डिप्रेशनवरची गोळी. गाडी अडते ती तिसऱ्या आठवड्यात. घरचे म्हणतात फरक नाही, बंद करा. हे औषध लागू पडायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि सुरुवातीलाच मूल जास्त बेचैन होत नाही ना, यावर डोळा ठेवावा लागतो. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने ते चालू ठेवायचं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच हळूहळू कमी करायचं. तुम्ही गोळ्यांची पाकिटं आईच्या ताब्यात दिलीत, एका वेळी एका आठवड्याच्याच, आणि ते आठवडे निभावून नेलेत. रात्रीबेरात्री अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, असं सांगून १४४१६ हा नंबर आईच्या मोबाईलमध्ये घालून दिलात. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि तुम्ही कुठे बोलला नाहीत. बचत गटात नाही, डेअरीवर नाही, स्वतःच्या जावेजवळही नाही. गावात राहून एखाद्याच्या घरातली गोष्ट पोटात ठेवणं किती अवघड असतं ते आम्हाला ठाऊक आहे. डिग्र्या असलेल्या माणसांकडून ते होत नाही. चांगुलपणा म्हणतात तो आम्हाला तरी यातच दिसतो.

तुम्ही आशाताई घरोघरी आरोग्य तपासणीसाठी भरता त्या सीबॅक फॉर्ममध्ये उदासीनतेचे दोन प्रश्न आहेत, पण तो फॉर्म तिशीपुढच्यांचा. पंधरा वर्षांच्या पोरासाठी त्यात जागा नाही आणि तुम्ही केलेल्या या कामाचा मोबदलाही कुठे धरलेला नाही. डिप्रेशन ओळखायच्या पीएचक्यू या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की तपासणीला पाठवायचं. आणि जीव द्यायच्या विचाराचा नववा प्रश्न शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी. एका पानाचं काम आहे. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी ते पान तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईच्या हातात असावं असं आम्ही वरिष्ठांना लिहिलंय. त्यात तुमच्या पेटीची पद्धत तुमचं नाव न घेता जोडली आहे.

आता एवढंच करा. बोर्डाचा निकाल लागून महिना होईपर्यंत किल्ली परत देऊ नका, अप्पांनी मागितली तरी. निकालाच्या दिवशी मामा मुक्कामाला येणार आहेत. मार्क विचारायच्या आधी त्याला जेवायला बसवा, असं त्यांना सांगून ठेवलंय.

तुमचे ऋणी,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे आम्ही समुपदेशक, सोलापूर