‘पुसू नका’ अशी चिट्ठी लावणाऱ्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

व्हायरसनं लॉक केलेल्या आणि तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आणलेल्या मामांच्या फाइल्स अखेर उघडल्या. सातबाऱ्याचे स्कॅन, वंशावळीचा मजकूर, घरातल्या लग्नकार्यांचे फोटो, सगळं जसंच्या तसं परत आलं. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही ‘बरं झालं’ म्हणालात आणि लगेच समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते घालत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मामा दोन दुकानं फिरले होते. पहिल्या ठिकाणी मशीन चालू करून न बघताच ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा’ असं उत्तर मिळालं. फॉरमॅट मारला की व्हायरस जातो हे खरं. पण त्याबरोबर लॉक झालेल्या फाइल्सही जातात, आणि त्या पुढे कधीतरी उघडू शकतात हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. दुसऱ्यानं तर ‘आमच्याकडे अनलॉक करायचं सॉफ्टवेअर आहे’ म्हणत आगाऊ रक्कम मागितली. मामांच्या मशीनमधला व्हायरस ‘स्टॉप’, म्हणजे ‘डीजेव्हीयू’ घराण्यातला रॅन्समवेअर, फाइल्स लॉक करून त्या उघडायला खंडणी मागणारा. 2018 पासून घरगुती कॉम्प्युटरना यानं सर्वांत जास्त छळलं. तो फाइल साल्सा20 नावाच्या सांकेतिक पद्धतीनं लॉक करतो आणि त्या लॉकची किल्ली 2048 बिटांच्या आरएसए या दुसऱ्या सांकेतिक कुलपात बंद करतो. हे फोडणारं सॉफ्टवेअर कुठल्याच दुकानात असू शकत नाही. असं सांगणारा एकतर खंडणीखोरांशी परस्पर सौदा करून वर स्वतःचा हिस्सा ठेवतो, नाहीतर आगाऊ पैसे घेऊन गप्प बसतो. व्हायरसनं मशीनवर सोडलेल्या खंडणीच्या चिठ्ठीत 980 डॉलर मागितले होते, 72 तासांत भरले तर 490. घाबरलेल्या माणसाला अर्धी रक्कम स्वस्त वाटते, आणि असे लोक नेमके त्याच वेळी गाठतात. माहीत नसणं समजू शकतो. माहीत नसताना ठासून बोलायचं आणि वर पैसे मागायचे, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मशीन हातात घेतल्यावर आधी नेटची वायर काढलीत. मामा वाचलेल्या फाइल्स घ्यायला पेनड्राइव्ह लावणार होते, तो तुम्ही खिशात ठेवायला लावलात. तिथंच मला कळलं की काम जाणत्या हातात पडलंय. हा रॅन्समवेअर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाचं काम लावून ठेवतो. दर पाच मिनिटांनी तो पुन्हा उठतो आणि नव्यानं जोडलेला पेनड्राइव्ह किंवा बॅकअपची डिस्कही लॉक करतो. कितीतरी घरांमध्ये शेवटचा चांगला बॅकअप असाच हातचा गेला आहे. तुम्ही हार्ड डिस्क बाहेर काढून लिनक्सच्या मशीनला जोडलीत, कारण तिथं विंडोजचा व्हायरस चालूच शकत नाही, आणि लॉक फाइल्ससकट सगळ्याची नवीन डिस्कवर कॉपी घेतलीत. साफसफाई त्यानंतर.

मग सी ड्राइव्हवरच्या ‘सिस्टिम आयडी’ फोल्डरमधली ‘पर्सनल आयडी’ फाइल उघडून आयडीची शेवटची दोन अक्षरं बघितलीत: टी आणि 1. सगळी मदार या दोन अक्षरांवर असते, पण आधीच्या दोघांनी तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. हा व्हायरस लॉक करण्याआधी आपल्या सर्व्हरकडून त्या मशीनपुरती वेगळी किल्ली मागतो. ती मिळाली की तो ‘ऑनलाइन आयडी’ झाला, आणि ती किल्ली गुन्हेगारांपाशीच राहते. सर्व्हर लागला नाही, तर तो स्वतःमध्ये भरलेली ठरावीक किल्ली वापरतो. तो ‘ऑफलाइन आयडी’, टी1 वर संपणारा. त्या प्रकारच्या सगळ्या ऑफलाइन बळींची किल्ली एकच असते. एकाला सापडली की सगळ्यांना चालते. ऑगस्ट 2019 च्या आधीच्या जुन्या प्रकारांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्यासाठी एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीनं रॅन्समवेअरचे अभ्यासक मायकेल गिलेस्पी यांच्याबरोबर ऑक्टोबर 2019 मध्ये मोफत डिक्रिप्टर, म्हणजे लॉक उघडणारा प्रोग्राम, काढला, तो 148 प्रकारांना लागू पडायचा. मामांचा प्रकार मात्र नंतरचा होता.

डिक्रिप्टर तुम्ही एम्सिसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घेतलात, याचेही आभार. ‘झोराब’ नावाच्या रॅन्समवेअरवाल्यांनी 2020 मध्ये याच डीजेव्हीयूचा खोटा डिक्रिप्टर पसरवला होता. तो चालवला की आधीच लॉक असलेल्या फाइल्सवर दुसरं लॉक बसायचं. खऱ्या डिक्रिप्टरनं उत्तर दिलं की आयडी ऑफलाइन आहे, किल्ली सध्या नाही, पुढे मिळण्याची शक्यता आहे.

इथं तुम्हाला ‘प्रयत्न केला, जमलं नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून डिस्कवर लावलात आणि त्यावर मार्करनं लिहिलंत: ‘लॉक फाइल्स. पुसू नका. आयडी टी1. दर दोन महिन्यांनी तपासा.’ खाली फाइल्सना लागलेलं ते चार अक्षरी एक्स्टेन्शन. बिलावर विंडोज टाकण्याचे आणि नवीन डिस्कचे पैसे लावलेत, ‘डेटा परत मिळवणे’ यासमोर नुसती रेघ ओढलीत. मामांना स्पष्ट सांगितलंत की आज काही उघडणार नाही, फाइल्सची नावं बदलत बसू नका, आणि कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

ती चिट्ठी नसती तर काय झालं असतं ते मला नीट माहीत आहे. चालू हार्ड डिस्क घरात रिकामी राहत नाही. कुणीतरी तिच्यावर सिनेमे भरतं, कुणी सीसीटीव्हीच्या डबड्यात बसवतं. लॉक फाइल्स दिसायला कचराच असतात. त्यांना कचरा म्हणायचं नाही हे घरातल्या प्रत्येकाला कळावं, एवढं काम त्या चार ओळींनी केलं. भाची दर खेपेला डिक्रिप्टर चालवून बघायची, तीही त्या चिट्ठीमुळेच. हे काम नेट चालू असलेल्या मशीनवर करावं लागतं, कारण किल्ली एम्सिसॉफ्टच्या सर्व्हरवरून येते. आणि एका खेपेला ती आली.

आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगचं तर तुम्ही त्याच दिवशी पाहिलं होतंत. हा व्हायरस घाईत असतो. मोठ्या फाइलचा सुरुवातीचा साधारण 150 केबी भागच लॉक करतो, पुढचं तसंच सोडतो. एमपी3 तुकड्यातुकड्यांनी बनलेली असल्यानं पुढचे तुकडे वाजतात. 128 केबीपीएसच्या रेकॉर्डिंगमध्ये 150 केबी म्हणजे दहा सेकंदांच्या आतबाहेर. तेवढी सुरुवात सोडून आजीचा आवाज ऐकू आला, तेव्हा मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या. झिप फाइलचंही असंच असतं, बहुतेक वेळा पहिलीच फाइल जाते, बाकीच्या सेव्हन-झिपनं काढता येतात. छोट्या फोटोंना आणि वर्डच्या फाइलना मात्र ही सवलत नाही, त्या आख्ख्या दीडशे केबीत बसतात. ही सगळी कापाकापी तुम्ही कॉपीवर केलीत, मूळ फाइलला हात लावला नाहीत. प्रत्येक लॉक फाइलची बंदिस्त किल्ली आणि आयडी त्या फाइलच्या शेपटाशी जोडलेला असतो. शेपूट तुटलं की खरी किल्ली येऊनही उपयोग नाही. हे जाणणारे फार थोडे आहेत.

पासवर्ड बदलायला लावलेत तेही मोलाचं. डीजेव्हीयू एकटा येत नाही, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा जोडीदार बहुधा बरोबर असतो. खंडणीची चिठ्ठी दिसेपर्यंत ते पासवर्ड बाहेर गेलेले असतात. म्हणून मामांच्या फोनवरून आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं, असा क्रम तुम्ही धरलात. बाधित मशीनवर बदलले असते तर नवेही गेले असते.

पुढची व्यवस्था तुम्ही लावून दिलीत ती अजून तशीच चालू आहे. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी प्रत, घरातल्याच कुणीतरी आणला होता, आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्यातली सूचना इमानेइतबारे पाळली होती. तुम्ही ओरडला नाहीत. युनिकोडचा मोफत कीबोर्ड विंडोजमध्येच असतो हे दाखवून तो चालू करून दिलात. अनोळखी प्रोग्रामला फाइल्स बदलू न देणारं विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ मुळात बंद असतं, ते चालू केलंत. आपल्याकडे सगळ्यांचा जीव डी ड्राइव्हवर असतो आणि ही सोय आपणहून फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांना सांभाळते, म्हणून डी ड्राइव्हचे फोल्डर तुम्ही एकेक करून जोडलेत. रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं खातं. दोन बाहेरच्या डिस्क, आलटूनपालटून, कॉपी झाली की वायर काढून कपाटात. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, तीही त्याच तडाख्यात सापडते.

दादा, ती किल्ली जिथून आली त्याचाही विचार मनातून जात नाही. गिलेस्पी यांनी 2016 मध्ये ‘आयडी रॅन्समवेअर’ सुरू केलं. खंडणीची चिठ्ठी तिथं टाकली की हा कुठला रॅन्समवेअर आहे ते फुकट कळतं. त्याच वर्षी डच पोलीस, युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी रॅन्समवेअरच्या बळींना मदत करणारं ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ उभं केलं. आणि नव्या डीजेव्हीयूची ऑफलाइन किल्ली बाहेर येते ती बहुतेक वेळा खंडणी भरून बसलेल्या एखाद्या माणसाकडून. स्वतःचे पैसे गेले, तरी मिळालेली किल्ली तो सगळ्यांसाठी देऊन टाकतो. कोण कुठला, त्याला आपली सांगली माहीत असण्याचं कारण नाही. असा भला माणूस तिकडे होता आणि ती किल्ली येईपर्यंत डिस्क सांभाळायला लावणारे तुम्ही इकडे होतात, म्हणून हे जमलं.

मामांचं मशीन अजून विंडोज 10 वर आहे आणि तिचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ते मशीन विंडोज 11 घेतं का ते तुम्हीच बघायचं, घेत नसेल तर नवीन कुठलं घ्यायचं तेही तुम्हीच सांगायचं, असं घरात ठरलं आहे. येताना दुसरी बॅकअप डिस्क आणतो, तिच्यावरून चार फाइल्स परत उतरवून बघायच्या राहिल्या आहेत. या कामाचे पैसे मात्र पूर्ण लावा.

आपला,
मामांचा भाचा