कमाटीबागेचे फोटो पाठवते आहे

बडोदा, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पाकिटात 41 फोटो आहेत. आधी पत्र वाचा, मग फोटो बघा. बाबा, तुम्ही उलटंच करणार हे मला ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे बॉलपेनने नंबर घातला आहे. मोबाईलवर पाठवले असते, पण त्यावर बघताना तुम्ही डोळ्यांना ताण देता, आणि ऑपरेशनला अजून वर्षही झालं नाही. म्हणून स्टुडिओतून चांगले मोठे काढून घेतले. चार रविवार सकाळी सहाला उठून हेच करत होते.

जे सांगायचं ते सांगून टाकते. नाशिकची बदली मी घेतली नाही. बँकेला महिन्यापूर्वीच तसं लिहून दिलं. फोनवर तीनदा सांगायला गेले, आणि तिन्ही वेळा आईने आधी विचारलं, "मग कधी येताय?" पुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दादाला सांगितलं आहे. त्याच्यावर रागावू नका, तुम्हाला सांगू नकोस असं मीच म्हटलं होतं.

तुमचा नातू दहावीला आहे. ह्यांचं मकरपुऱ्याचं वर्कशॉप उभं राहायला नऊ वर्षं लागली, आणि आता कुठे हाताखाली चार माणसं आहेत. आणि नाशिकला येऊनही मी गावात नसतेच. तिथून अडीच तासांवर गाव. रविवारी दुपारी जेवून संध्याकाळी परत निघायचं, आणि आईने चपलांपाशी उभं राहून डोळे पुसायचे. आत्याचं तसंच झालं होतं ना शेवटी. हे सगळं खरं आहे. तरी रात्री झोप लागत नाही, तेव्हा यातलं एकही कारण पुरत नाही.

म्हणून दुसरं एक काम केलं आहे. घर बदललं. सयाजीगंजच्या बाजूला, कमाटीबागेपासून आईच्या चालीने दहा मिनिटांवर. तीन खोल्या आहेत, त्यातली पूर्वेच्या खिडकीची तुमची. मुद्दाम पहिला मजला घेतला. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला होता, तेव्हा इथल्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, आणि बाबा, तुम्ही दर तासाला फोन करत होतात. लिफ्ट आहे, वीज गेली तरी ती जनरेटरवर चालते. आई, संडास बसायचा आहे आणि शेजारी धरायला दांडी लावून घेतली आहे. गॅलरीत तुळस लावली. खालच्या गिरणीत बाजरी दळून मिळते, मी दोनदा आणून भाकरी करून बघितली, पीठ कडू लागलं नाही. समोरच्या काकू मराठीच, चार पिढ्या दांडिया बाजारात काढलेल्या. बोलताना मधूनच गुजराती शब्द येतो, पण गौरींचा सगळा थाट आपल्यासारखा. बाकीच्या बायका तुला 'बा' म्हणतील, गुजरातीत बा म्हणजे आई, दचकू नकोस.

आता फोटो. 1 नंबर काळा घोडा. घोड्यावर सयाजीराव महाराज. कारभार हाती घेऊन 25 वर्षं झाली त्या रौप्यमहोत्सवाचा, 1907 सालचा हा पुतळा. इथे रिक्षावाल्याला नुसतं 'काळा घोडा' म्हटलं की बागेपाशी आणून सोडतो. बाबा, तो फोटो मी खालून, अगदी चौथऱ्यापाशी उभी राहून काढला, कारण तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कवळाण्याला नेलं होतं तेव्हा मी एवढीच होते. 1863 साली जन्मलेला तिथला गोपाळ, म्हणजे पुढचे हेच सयाजीराव. 1875 मध्ये गादीला दत्तक निवडायला तीन पोरांना बडोद्याला आणलं, कशाला आलात असं विचारलं, आणि त्याने सांगितलं, "राज्य करायला." ही गोष्ट सांगताना शाळेतल्या प्रत्येक वर्गात तुमचा आवाज चढायचा. मी घरी येऊन पाटावर उभी राहून तेच वाक्य म्हणत होते आणि आई पोळी लाटता लाटता थांबली होती. आई, तुला आठवतं का? त्या दिवशी तू मला पहिल्यांदा साय-साखर दिलीस, दादाच्या आधी. लग्न होऊन इथे आले तेव्हा बाबा म्हणाले होते, आपल्याच तालुक्यातल्या माणसाच्या गावी चालली आहेस. पहिलं वर्ष मी त्या एका वाक्यावर काढलं.

बाग महाराजांनीच केली, 1879 साली. शंभराहून जास्त एकर, मधून विश्वामित्री. नदीत मगरी आहेत ते खरं आहे, अगदी शहराच्या मधोमध. पण त्या पात्रात असतात आणि आपण बागेत, काठावर जायचंच नाही. बाबा, पुलावरूनही वाकून बघायचं नाही. 6 नंबरच्या फोटोत चिखलावर ओंडका दिसतो तो ओंडका नाही. मी लांबून काढला आहे.

8 ते 15 नंबर नुसत्या वाटांचे आहेत. दादा म्हणेल, यात काय बघायचं. आई, ते तुझ्यासाठी आहेत. तुझे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून मी चालले. कुठे चढ आहे, कुठे फरशी उखडली आहे, कुठे टेकायला बाक आहे, ते सगळं काढलं. 11 नंबरचा बाक नीट बघ. कडुनिंबाखाली आहे, पाठीला टेकण आहे, आणि समोर मुलांची झुकझुक गाडी जाते. सकाळी साडेसातला त्यावर ऊन नसतं. चार रविवार मी तिथे दहा-दहा मिनिटं बसले आणि शेजारची जागा रिकामी ठेवली.

18 नंबर फुलांचं घड्याळ. 20 फूट व्यासाचं, यंत्र जमिनीखाली, वर फक्त फुलझाडं आणि काटे. बाबा, तुम्ही त्याला तुमचं एचएमटी लावून बघणार, मला माहीत आहे. 20 पासून पुढचे संग्रहालयाचे. ते 1894 मध्ये बांधून झालं. आत इजिप्तची ममी आहे, आणि 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा, 70 फुटांहून लांब. सांगाडा एका फोटोत मावला नाही, म्हणून 22 आणि 23 एकापुढे एक ठेवून बघा. अकोट्याला सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्तीही इथेच. इथलं अकोटा, बाबा, आपल्याकडचं अकोला नव्हे.

27 नंबर एकच आहे, आणि तो नीट आलेला नाही. तिथे माझा हात हलला. ती संकल्पभूमी. तुम्ही दर 14 एप्रिलला वर्गात सांगायचात ती जागा. सप्टेंबर 1917. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री. मधले पाच तास ते या बागेत बसून होते. त्या वेळी आई-वडिलांची आठवण आली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तुम्ही हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं, बाबा. मी मोठेपणी वाचलं. आई तर लहानपणीच गेलेली, आणि रामजीबाबा 1913 सालीच गेले होते. एवढा शिकलेला माणूस, आणि आई-बाबा म्हणून हाक मारायला कुणी उरलं नव्हतं. मी तिथे कॅमेरा खाली ठेवून बराच वेळ उभी होते. माझे आई-बाबा एका दिवसाच्या वाटेवर आहेत, आणि मी त्यांना फोनवर खरं सांगायला घाबरते. घरी आले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

बाकीचे गावातले. मांडवी, सूरसागर आणि त्यातला उंच महादेव, 1896 चं न्यायमंदिर, लक्ष्मीविलास राजवाडा. राजवाड्याला जिने फार, तिथे बाबा आणि नातू जातील. 38 नंबर मांडवीजवळचं विठ्ठलमंदिर. आई, कार्तिकीला इथून विठ्ठलाची मिरवणूक निघते, वरघोडा म्हणतात. तुझी पंढरीची वारी गुडघ्यांमुळे राहिली, म्हणून हा फोटो सगळ्यांत मोठा काढला. पंढरपूरची सर येणार नाही, मला कळतं.

तर दिवाळी झाली की या, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहा. घर सोडून या असं म्हणत नाही. कांदा लावायचा असेल तर दादा आहे. हिवाळा इथे आपल्याकडच्यापेक्षा सौम्य असतो, आईचे सांधे आखडणार नाहीत. पटलं नाही तर फेब्रुवारीत मी स्वतः आणून सोडेन. तुम्ही हो म्हणायच्या आधीच खोली केली, याचा राग मानू नका. तुमच्याशिवाय ती खोली मी कशालाही वापरणार नाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, 'बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. जुने रिपोर्ट निळ्या ट्रंकेत आहेत ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, मूळ कागद, झेरॉक्स नको. अंधार पडल्यावर विहिरीकडे जाणं बंद. काठी घ्यायला लाजू नका, इथे बागेत निम्मे लोक काठी घेऊन फिरतात, 13 नंबरमध्ये दिसतील. आई, तू निघायच्या आधी आठ दिवस पापड-कुरडया करत बसणार, ते करायचं नाही. एक बरणी लोणचं आण, बस. येताना सापुताऱ्याच्या घाटात तुला मळमळतं, म्हणून दादाला सांगितलं आहे, पुढच्या सीटवर बसवायचं आणि काच खाली ठेवायची. आवळासुपारी पर्समध्ये ठेव, पिशवीच्या तळाशी नको.

फोन मी बुधवारी रात्री करेन. तोवर पत्र पोचलं असेल. आई, तू काहीही बोललीस तरी चालेल, रागावलीस तरी. फक्त फोन बाबांच्या हातात देऊन आत जाऊ नकोस.

11 नंबरचा फोटो देवघराजवळ लावलास तर मला बरं वाटेल.

तुमची,
बेबी