ईशानं भूलशास्त्र का निवडावं

इंदूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काकांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही मला: ईशाला एवढे चांगले मार्क असताना ती एम.डी.ला भूलशास्त्र कशाला घेते? इंजेक्शन द्यायचं आणि बसून राहायचं, एवढंच काम असतं तर काकांचं खरं होतं. त्यांना वाचून दाखवता येईल असं सविस्तर लिहिते.

झोपवणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. ऑपरेशनच्या टेबलावर आधी ३ मिनिटं मास्कनं निव्वळ ऑक्सिजन देतात, म्हणजे फुफ्फुसांतला नायट्रोजन निघून ऑक्सिजनचा साठा होतो. मग वेदना दाबणारं फेंटॅनिल आणि झोपवणारं प्रोपोफॉल. प्रोपोफॉल किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम. तुमच्या वयाला त्याहून कमी आणि सावकाश, कारण बीपी धाडकन उतरतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात पापणीला हात लावला तरी ती हलत नाही. त्यावर स्नायू सैल करणारं व्हेक्युरोनियम, किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. त्यानं श्वासही थांबतो. इथून तो श्वास आपल्या हातातल्या बॅगवर. तीनेक मिनिटांनी लॅरिंगोस्कोपनं, म्हणजे घशात बघायच्या दिव्याच्या पात्यानं, जीभ बाजूला सारायची, स्वरतंतू दिसले की श्वासाची नळी आत. बाईला साधारण ७ नंबरची, ओठापाशी २१ सेंटिमीटरवर पक्की करतात. पुरुषाला ८ ची, २३ वर. जास्त सरकली तर उजव्या फुफ्फुसात शिरते आणि डावं उपाशी राहतं. अन्ननलिकेत गेली तर पंचाईत मोठी: छाती हलल्यासारखी वाटते, स्टेथोस्कोपही फसवतो. बोटावरचं, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर उशिरा बोंबलतं, कारण आधी भरलेला साठा काही मिनिटं पुरतो. बाहेर सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा चौकोनी आलेख मॉनिटरवर दर श्वासाला उमटत राहिला, तरच नळी जागेवर आहे म्हणायचं.

हुशार मुलं या शाखेकडे वळतात ती यासाठीच. मेडिसिनमध्ये बीपीची गोळी बदलली की परिणाम बघायला आठवडे जातात. इथे कमरेखालचा भाग बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन दिल्यावर बीपी घसरलं, ते वर आणणाऱ्या मेफेन्टरमिनचे ६ मिलिग्रॅम दिले, की दोन-तीन मिनिटांत उत्तर समोर. पुस्तकातलं शरीरशास्त्र एरवी कुठे इतकं लगेच हाताला लागतं?

शिवाय काम ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, आधी सुरू होतं. आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की तपासणीला तुला हेच लोक भेटतील. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं, आणि दुधाचा चहा म्हणजे ‘नुसता चहा’ नव्हे. दूध पोटात फाटून घट्ट होतं, म्हणून त्यालाही ६ तास धरतात. तळकट खाल्लं असेल तर ८. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. पोट भरलेलं असलं तर बेशुद्धीत अन्न वर येऊन थेट फुफ्फुसांत जाऊ शकतं. बाबा, तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी, क्लोपिडोग्रेल, पाठीतल्या सुईआधी ५ ते ७ दिवस थांबवावी लागते, नाहीतर मणक्याच्या आत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पण ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, परस्पर नाही. कवळी, हलणारा दात, रात्रीचं घोरणं, सगळं सांगायचं. लपवाछपवी नको.

पैशाचं म्हणाल, तर स्वतःचा दवाखाना थाटायचा, पेशंट जोडत वर्षं घालवायची, हे नाही. तीन वर्षांनी नोकरी मिळते, किंवा दोन-चार नर्सिंग होम्स धरता येतात. पुढे आयसीयू, हृदयशस्त्रक्रियेची भूल, लहान मुलांची भूल, वेदनांचं क्लिनिक अशा वाटा आहेत.

आता दुसरी बाजू. सिझेरियनचा फोन रात्री दोनलाच येतो. बोलावणारा सर्जनच असतो, त्यामुळे फीचं बोलायला जीव कचरतो. लहान जागी कार्बन डायऑक्साइडचा मॉनिटर नसला तर ‘केस घेत नाही’ म्हणायला छाती लागते. पेढे सर्जनला मिळतात, भूल देणाऱ्याचं नावही कुणी विचारत नाही. नावाची हौस असेल तर ईशानं खुशाल सर्जरी घ्यावी. चार तास एकाच मॉनिटरकडे बघून जिला कंटाळा येतो, तिनं मात्र या वाटेला जाऊच नये.

काकांना म्हणावं, अर्ज भरण्याआधी ईशाला आठवडाभर कॉलेजच्या ओटीत उभी राहू दे. सर्जनच्या बाजूला नाही, पेशंटच्या डोक्याशी. मग काय ते तिचं ती ठरवेल.

तुमची,
मृणाल