घुमट आरत्यांसाठी सर्व्हर घेण्याआधी

म्हापसा, गोवा
२० जून

प्रिय विठ्ठल,

सप्रेम नमस्कार.

घुमटाच्या, म्हणजे आपल्या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरत्या संकेतस्थळावर ऐकवायला तू सर्व्हर घेतोयस, त्याविषयीचा तुझा मेल आणि त्यासोबतचा कंपनीच्या प्लॅनचा कागद, दोन्ही नीट वाचले. रविवारच्या बैठकीत मंडळ पैसे मंजूर करणार आणि सोमवारी तू तीन वर्षांचे एकरकमी भरणार, असे लिहिले आहेस. फोनवर तुटक बोलण्यापेक्षा सगळे एकदा लिहून काढतो, म्हणजे बैठकीत पुढ्यात ठेवता येईल. माझे म्हणणे आधीच सांगतो. तीन वर्षांचे आगाऊ भरू नकोस. तासावर हिशेब करणाऱ्या कंपनीकडून लहान व्हीपीएस (मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता व्हर्च्युअल सर्व्हर) महिन्याच्या भाड्याने घे, आणि जे पैसे वाचतील त्यातून आरत्यांच्या मूळ फायली दुसरीकडे सुरक्षित ठेवायची सोय कर.

त्या प्लॅनमध्ये ४ कोर (प्रोसेसरचे काम करणारे भाग), ८ जीबी रॅम, २०० जीबीची एनव्हीएमई ही वेगवान डिस्क आणि 'अमर्याद बँडविड्थ', म्हणजे हवा तेवढा डेटा पाठवायची मुभा आहे. आकडे भरघोस दिसतात. पण आपल्याला लागते किती, ते आधी मोजू. तुझ्याकडे तीनशेच्या आसपास आरत्या आहेत, एकेक सरासरी सहा मिनिटांची धरू. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण १ एमबी लागते. म्हणजे एक आरती ६ एमबी आणि सगळा संग्रह पावणेदोन जीबी. आता चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची संध्याकाळ घे. दोन हजार माणसांनी प्रत्येकी पाच आरत्या ऐकल्या तर दहा हजार वेळा ६ एमबी, म्हणजे ६० जीबी. पाचही दिवस तशीच गर्दी राहिली तरी ३०० जीबी. महिन्याला १ टीबी (१,००० जीबी) देणारा साधा प्लॅनही याला पुरून उरतो. एकाच वेळी पाचशे जण ऐकत असले तर सरासरी ओघ ६४ एमबीपीएस होतो. तयार फायली नुसत्या वाटायच्या असतील तर एन्जिनएक्स या फायली वाटणाऱ्या प्रोग्रॅमला एक कोर आणि १ जीबी रॅमही चालते. तुला संकेतस्थळ सांभाळायला वर्डप्रेस हवे आहे, त्यामागे डेटाबेस येतो, म्हणून २ जीबी घे. चार कोर कशाला?

देवळातल्या भजनाचे थेट चित्रण दाखवायचा विचार मात्र या सर्व्हरपासून लांब ठेव. ७२० पीचे चित्रण २.५ एमबीपीएसने सोडले आणि पाचशे जण बघू लागले की १,२५० एमबीपीएस झाले. सर्व्हरचा एक गिगाबिटचा (१,००० एमबीपीएसचा) पोर्ट, म्हणजे त्याची बाहेरची जोडणी, तिथेच संपली, आणि तो पोर्ट एकट्या आपला नसतोच. ते यूट्यूबवरूनच दाखवा.

'अमर्याद' या शब्दावर मंडळातली मंडळी खूश आहेत, हे मी समजू शकतो. पण अटींच्या पानावर 'फेअर यूज' नावाचे कलम शोध. किती वापरानंतर वेग कमी करणार, किंवा किती वापर झाला की खाते थांबवणार, ते तिथे लिहिलेले असते. नाहीतर मुद्दाम मोघम ठेवलेले असते. मला स्पष्ट १ किंवा २ टीबी लिहिणारी कंपनी जास्त भरवशाची वाटते. मर्यादा ओलांडल्यावर दर जीबीला किती पडणार, हेही ती लिहिते.

आता खरा मुद्दा. ४ कोर म्हणजे चार कोर तुझे, असे नसते. एका मोठ्या यंत्रावर कंपनी अनेक ग्राहकांचे व्हर्च्युअल सर्व्हर बसवते आणि स्वस्त प्लॅनमध्ये तेच कोर अनेकांना विकलेले असतात. सगळे एकाच वेळी काम मागत नाहीत, या हिशेबावर ते चालते. चवथीला एकाच घुमटवाल्याने चार घरच्या आरतीला शब्द दिला तर तीन घरे ताटकळणारच. जादा विकलेल्या यंत्रावर तेच होते. प्लॅनच्या कागदावर 'शेअर्ड' आणि 'डेडिकेटेड' सीपीयू हा भेद लिहिलेला आहे का, ते बघ. आपल्या कामाला शेअर्ड चालेल, पण कितपत शेअर्ड ते मोजता येते आणि मोजूनच घ्यावे.

मोजायचे असे. सर्व्हरवर लॉगिन करून टॉप ही, यंत्र किती गुंतले आहे ते दाखवणारी कमांड चालव. वरून तिसऱ्या ओळीत सीपीयूचे आकडे असतात, त्यात अगदी शेवटचा 'एसटी'. एसटी म्हणजे स्टील: तुझ्या सर्व्हरला काम करायचे होते, पण खालचे यंत्र दुसऱ्याच्या कामात गुंतले म्हणून त्याला थांबावे लागले, त्या वेळेची टक्केवारी. शून्य-एकच्या घरात राहिला तर उत्तम. पाच-सहाच्या वर टिकून राहू लागला तर तिथून निघावे. त्याच ओळीतला 'डब्ल्यूए' डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ सांगतो. एनव्हीएमई म्हणून विकलेल्या डिस्कवर तो सतत चढलेला दिसला, तर त्या डिस्कवरही गर्दी आहे असे समज. हे सकाळी दहाला बघून भागत नाही. रात्री आठ-नऊला बघ, सोमवारी बघ आणि रविवारीही बघ.

आमच्या पतसंस्थेच्या संकेतस्थळाला संचालकांनी एका कंपनीचा असाच वर्षाचा प्लॅन घेतला होता. दिवसा ठीक चाले, संध्याकाळी सातनंतर पान उघडेना. टॉपमध्ये एसटी वीस-पंचवीसवर चढलेला आणि आमचा स्वतःचा वापर जेमतेम. सपोर्टला आकडे दाखवले, तर उत्तर आले की मोठा प्लॅन घ्या. पैसे परत मिळण्याची मुदत केव्हाच उलटलेली. दुसऱ्याच्या गर्दीसाठी आपण जादा पैसे का द्यायचे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. म्हणून मी महिन्याच्या भाड्याचा एवढा आग्रह धरतोय. चार आठवडे आकडे बघ, पटले नाही तर सर्व्हर काढून टाक. तासावर हिशेब असला तर तेवढेच पैसे जातात. फक्त हे ध्यानात ठेव की सर्व्हर नुसता बंद करून ठेवला तरी बहुतेक ठिकाणी भाडे चालूच राहते. तो पूर्ण डिलीट करावा लागतो.

तासाच्या हिशेबाचा आपल्याला आणखी एक मोठा फायदा आहे. आपली गर्दी वर्षभराची नाही. श्रावणात थोडी, चवथीला खरी, मग पुढच्या चवथीपर्यंत शांत. तेवढ्या दहा दिवसांपुरती रॅम आणि कोर वाढवून घ्यायचे आणि नंतर परत कमी करायचे. ही सोय सगळीकडे नसते, आधी विचारून घे; वाढवताना 'फक्त सीपीयू आणि रॅम' हा पर्याय निवड. डिस्कही वाढवलीस तर ती सहसा पुन्हा लहान करता येत नाही आणि तू मोठ्या प्लॅनमध्ये अडकतोस. हा बदल करताना सर्व्हर थोडा वेळ बंद करावा लागतो, म्हणून तो चवथीच्या आधी करून मोकळा हो. ऐन आरतीच्या वेळी नको.

एक प्रश्न कंपनीला लेखी विचार: व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्राचे अनेक सर्व्हर करायची पद्धत) कोणते, केव्हीएम की ओपनव्हीझेड? केव्हीएममध्ये तुझ्या सर्व्हरला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा मिळतो आणि रॅम सहसा खरोखर तुझ्या नावावर असते. ओपनव्हीझेडमध्ये सगळे एकाच कर्नलवर राहतात. स्वस्त पडते, पण बंधने येतात. केव्हीएमच घे. हा प्रश्न मुद्दाम रविवारी संध्याकाळी पाठव. उत्तर केव्हा येते आणि विचारलेल्याला धरून येते का, यावरून सपोर्टची पारख पैसे भरण्याआधीच होईल.

जागेविषयी. आपले ऐकणारे गोवा, कारवार, मुंबई, पुणे आणि थोडे आखातात. तेव्हा सर्व्हर मुंबईत किंवा बेंगळुरूत असावा. लिनोड कंपनीचे केंद्र मुंबईत आहे, डिजिटलओशनचे बेंगळुरूत, व्हल्टरचे दोन्हीकडे. ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ पासून आहे, पण त्यांचे बिल समजून घेणे तुम्हाला जड जाईल. तिथे जायचेच तर त्यांच्याच लाइटसेल या सेवेचा ठरावीक भाड्याचा प्लॅन बरा. जर्मनीतले हेट्झनर खूप स्वस्त आहे हे खरे, २० टीबीपर्यंत डेटा देतात. पण नवे सुरक्षित पान उघडताना फोन आणि सर्व्हर यांच्यात साधारण तीन फेऱ्या होतात. एकेक फेरी दीडशे मिलिसेकंदांची असली तर पहिले अक्षर यायलाच जवळजवळ अर्धा सेकंद गेला; मुंबईला तीस लागले तर दहावा हिस्सा सेकंदही नाही. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारत-युरोप मार्गावर परिणाम झाला होता. माझ्या आकड्यांवर विसंबू नकोस. कंपन्या प्रत्येक केंद्राचा चाचणी पत्ता देतात, त्याला फोंड्याच्या घरून पिंग करून (एका फेरीला किती वेळ लागतो ते मोजून) बघ आणि सावर्डेच्या मामांच्या मोबाइलवरूनही बघायला सांग. ऐकणारे बहुतेक मोबाइलवरच असणार.

घरीच एक कॉम्प्युटर लावून भागवू, ही तुझ्या भाच्याची कल्पना सोडून दे. फोंड्याचा पाऊस, विजा आणि जाणारी लाईट यांपुढे ते टिकणार नाही.

'९९.९ टक्के अपटाइम', म्हणजे तेवढा वेळ सर्व्हर चालू राहील, असे मोठ्या अक्षरात छापलेले आहे. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ ४३ मिनिटे बंद राहिले तरी कंपनी शब्दाला जागली. त्याहून जास्त बंद राहिले तर भरपाई म्हणून भाड्यातली थोडी रक्कम पुढच्या बिलात वळती होते. पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती यात सहसा धरत नाहीत. या ओळीला किंमत देऊ नकोस.

आता बॅकअप. इथे मात्र बाबा, माझे ऐकच. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, चांगले झाले. पण वाड्यावाड्यावरच्या चाली, शामेळ या तालवाद्याच्या जागा, कांसाळ्याचा (झांजेचा) ठेका, हे नोंदवून ठेवायला तुझ्यासारखा माणूस रात्री-अपरात्री घरोघर फिरला. त्यातले काही गाणारे आज हयात नाहीत. ती ध्वनिमुद्रणे पुन्हा होणार नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एसबीजी-२ ही आख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचा डेटा गेला. म्हणून 'फ्री वीकली बॅकअप' या शब्दांवर थांबू नकोस. तो कुठे ठेवतात, किती दिवस ठेवतात आणि परत आणायला पैसे पडतात का, हे विचार. स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) त्याच केंद्रात असेल तर त्याला मी बॅकअप म्हणत नाही.

मूळ डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या ध्वनीच्या) फायली सर्व्हरवर ठेवायच्याच नाहीत. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे सगळा संग्रह अठरा-एकोणीस जीबी. एवढा लहान आहे तो! एक हार्ड डिस्क तुझ्याकडे, एक माझ्याकडे म्हापशात, आणि तिसरी प्रत वेगळ्या कंपनीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फायली ठेवायच्या ऑनलाइन कोठारात. मग सर्व्हर उद्या गेला तरी एमपी३ पुन्हा तयार होतील. आणि बॅकअप परत आणून आरती खरोखर वाजते का, हे चवथीच्या आधी एकदा करून बघू. मी येईन त्यासाठी.

पैशांचे थोडक्यात. '७० टक्के सूट' फक्त पहिल्या मुदतीला आहे. नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरात आहे, तो तिपटीच्या वर जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी. डॉलरमध्ये भरलेस तर बँक परकीय चलनाचे शुल्कही घेते. कार्डावरून आपोआप वजा होणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर गेली तर दर वेळी ओटीपी लागतो. खजिनदार गावाला गेलेले असले आणि तो चुकला तर सेवा थांबेल. महिन्याचे भाडे लहान असते, ती अडचण येत नाही.

खाते मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्या ईमेलवर उघड, भाच्याच्या नको. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, वापराचा हेतू वगैरे पाच वर्षे जपावे लागते, तेव्हा माहिती खरी आणि नेमकी द्या. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) त्याच कंपनीकडून फुकट मिळतेय म्हणून घेऊ नका. डोमेन वेगळ्या ठिकाणी असले की सर्व्हर बदलायला कुणाला विचारावे लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून उबुंटू २४.०४ घे, त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. पण अनमॅनेज्ड प्लॅनमध्ये ती लावायची जबाबदारी आपली असते. भाचा दर महिन्याला ते करणार का, हे त्याच्याकडून बैठकीत सर्वांसमोर वदवून घे. नाही म्हणाला तर पहिले वर्ष मी करतो.

बैठकीच्या आधी दोन गोष्टी मला पाठव: त्या कंपनीच्या अटींतले पैसे परत करण्याचे कलम, आणि तुझ्या घरून मुंबई व बेंगळुरूला रात्री नऊला घेतलेले पिंगचे आकडे. त्यावरून कुठले केंद्र घ्यायचे ते शनिवारी फोनवर ठरवू. माईंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
श्रीपाद