आई-बाबा, यंदा मे महिन्यात बुकिंग कमी घ्या

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू रे" म्हणतात आणि आई पाहुण्यांच्या जेवणाकडे पळते, म्हणून लिहूनच पाठवतोय, रात्री निवांत वाचा.

मी पर्यटनाच्या विरोधात अजिबात नाहीये. 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा आपल्या देवबाग गावात कोणाला वाटलं होतं की आपल्या दारात मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतील. माझं इंजिनिअरिंग पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या आपल्या घराच्या दोन खोल्यांवरच झालं. वाडीतली पोरं स्कूबाला, बोटींवर कामाला आहेत, त्यांना माझ्यासारखं गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहावं लागत नाही, ही खूप मोठी गोष्ट आहे.

पण पाण्याचं काय? बाबा, गेल्या उन्हाळ्यात परसातल्या बावीचं पाणी मचूळ लागत होतं, चहासुद्धा घशाखाली उतरत नव्हता. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी, हेच आपलं गाव. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तेवढंच आपलं गोडं पाणी. समुद्राच्या पातळीच्या वर ते एक फूट असेल तर खाली साधारण 40 फूट असतं, म्हणजे वरून थोडं जरी जास्त उपसलं की खालून खारं भराभर वर येतं. पूर्वी कळशीने काढायचो तेव्हा वापर बेताचा होता, आता घरोघरी मोटर, प्रत्येक खोलीला शॉवर, आणि सगळ्यात जास्त गर्दी नेमकी मे महिन्यात, जेव्हा बावी तळाला गेलेल्या असतात. त्यात सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे बावींच्या जवळ, ती घाण वाळू काय अडवणार? पाहुणे बाटलीचं पाणी पितात आणि निघून जातात हो, ते बावीचं पाणी वर्षभर पिणार तुम्ही.

आणि आई, तू. पहाटे उठून घावण्यांचं पीठ, मग वाटण, दुपारी थाळ्या, रात्री कोणी अकराला येऊन "काकू, अजून एक सुरमई मिळेल का" म्हणतं आणि तू गुडघा धरून उठतेस. त्यांच्या ताटात सुरमई आणि तू ओट्याशी उभी राहून उरलेल्या कढीशी भात कालवतेस, हे मला बघवत नाही. बाहेर किनाऱ्यावर मध्यरात्रीपर्यंत स्पीकर, बाबांची झोप होत नाही, बीपी उगाच वाढतंय का? डिसेंबरात बाबांची छाती धडधडली तेव्हा मालवणला जाताना तारकर्लीच्या त्या चिंचोळ्या रस्त्यात रिक्षा कशी अडकली होती आठवा, पुढे मागे नुसत्या गाड्या. गावात माणसं राहतात हे रस्ता, पाणी, आवाज ठरवताना कोणीतरी आधी मोजायला नको का?

हा प्रश्न आपल्याच गावाचा आहे असंही नाही. बार्सिलोनात लोकांना भाड्याने घरं मिळेनाशी झाली, तर तिथल्या महापौरांनी 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिलेल्या 10 हजारांवर फ्लॅट्सचे परवाने 2028 पर्यंत संपवणार. ते मोठं शहर, आपली गोष्ट वेगळी, पण मर्यादा घालणं म्हणजे धंदा बुडवणं असं नाही एवढं तरी त्यातून कळतं. आपल्या ग्रामसभेत निदान मोटरच्या वेळा आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, एवढं तरी बाबांनी मांडावं, तुमचं ऐकतात लोक.

घरापुरतं मात्र माझं ऐकाच. मे महिन्यात एकच खोली द्या, रात्री नऊनंतर जेवण नाही असं बुकिंग घेतानाच सांगायचं, आणि स्वयंपाकाला वाडीतली कोणी बाई लावा, पगार मी पाठवतो. आई, लगेच नको म्हणू नकोस. जत्रेच्या दिवशी बुकिंग अजिबात घेऊ नका, दशावतार बघायला तरी जा दोघं.

मी एप्रिलमध्ये येतोय, बावीचं पाणी तपासून घेऊ आणि शोषखड्डा कुठे हलवता येईल तेही बघू. तोवर मोटर सकाळी अर्धा तासच चालवा.

तुमचा,
बाळू